क्वचित घडणाऱ्याचं गणित



आज मी तुमच्यापुढे चार आकडे ठेवणार आहे. पहिला ६००. दुसरा ९५,०००. तिसरा ९.१. चौथा २६०. चारही आकडे एकाच गोष्टीचे आहेत. एका प्रथिनाच्या खोबणीत एक छोटा रेणू बसला आहे. तो तिथून सुटण्याचा दर सेकंदाला किती, एवढाच प्रश्न. पहिला आकडा प्रयोगशाळेत मोजलेला आहे, १९७० साली. उरलेले तीन संगणकावर काढलेले आहेत, २०११, २०१५ आणि २०१६ साली. काढणारी माणसं आपापल्या विषयातली जाणती, निबंध छापणारी नियतकालिकं नामांकित. तरीही या चारांतला सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दहा हजार पट आहे.

असं का व्हावं? आणि असं होत असेल, तर संगणकानं दिलेल्या अशा आकड्यावर कोणी, कधी आणि किती विसंबायचं? आजचं सगळं व्याख्यान या दोन प्रश्नांभोवती आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. माझा विषय संख्याशास्त्र. या दोन विषयांच्या हद्दी जिथे मिळतात, तिथे गेल्या काही दशकांत फार सुंदर काम झालं आहे आणि मराठीत त्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून आज हा विषय मुद्दाम निवडला.

आधी त्या रेणूची ओळख करून घेऊ. प्रथिनाचं नाव ट्रिप्सिन. आपल्या लहान आतड्यात अन्नातली प्रथिनं तोडणारं हे विकर. प्रयोगशाळेत बहुधा गाईचं ट्रिप्सिन वापरतात. २२३ अमिनो आम्लांची साखळी गुंडाळून त्याचा गोळा झालेला असतो. त्या गोळ्यात एक खोल खोबण आहे आणि खोबणीच्या तळाशी, १८९ व्या क्रमांकावर, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे. त्याच्यावर ऋण भार. छोट्या रेणूचं नाव बेंझामिडीन. अवघे १८ अणू, एका टोकाला धन भार. हे धन टोक खोबणीच्या तळाशी जातं, ऋण भाराला चिकटतं, आणि तिथे ट्रिप्सिनचं काम बंद पडतं.

बेंझामिडीन स्वतः काही औषध नाही. मग त्याच्यामागे एवढी माणसं का लागली? कारण औषधं नेमकं हेच करतात: एखाद्या प्रथिनाच्या खोबणीत जाऊन बसतात. ती किती घट्ट बसतात याची चौकशी आपण पूर्वीपासून करत आलो. किती वेळ बसतात, हा प्रश्न औषधशास्त्रानं गेल्या वीसएक वर्षांत गंभीरपणे घेतला. दम्यासारख्या लक्षणांच्या सीओपीडी या आजारात टायोट्रोपियम नावाचं औषध इन्हेलरमधून देतात. ते दिवसातून एकदाच घ्यावं लागतं, आणि त्याचं एक मोठं कारण असं की श्वासनलिकेतल्या आपल्या रिसेप्टरवर ते एकदा बसलं की तासन्‌तास सुटत नाही. त्याच जातीचं जुनं औषध इप्राट्रोपियम लवकर सुटतं, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा घ्यावं लागतं. म्हणजे सुटण्याचा दर हा रुग्णाच्या दिनक्रमात उतरणारा आकडा आहे. नवा रेणू प्रत्यक्ष बनवण्याआधीच हा दर गणितानं सांगता आला, तर किती खर्च, किती वर्षं वाचतील!

आता वाटेल, त्यात अवघड काय? अणूंवर न्यूटनचे नियम लावा, संगणकाला द्या आणि बघत बसा. ही कल्पना जुनी आहे आणि तिच्या सुरुवातीच्या इतिहासात एक आपला माणूस आहे. १९६४ साली शिकागोजवळच्या आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अनीसुर रहमान यांनी द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू संगणकात हलते ठेवले आणि खऱ्या द्रवाशी जुळणारे गुणधर्म त्यातून काढून दाखवले. रहमान हैदराबादचे, अमेरिकेला जाण्यापूर्वी उस्मानिया विद्यापीठात शिकवत होते. पुढे १९७७ साली याच पद्धतीनं पहिल्यांदा एक प्रथिन हलताना पाहिलं गेलं. योगायोग असा की ते प्रथिन ट्रिप्सिनलाच रोखणारं होतं, ५८ अमिनो आम्लांचं. ते सिम्युलेशन दहा पिकोसेकंदही भरलं नव्हतं. ते करणाऱ्यांपैकी मार्टिन कारप्लस यांना २०१३ साली नोबेल मिळालं.

अडचण आहे ती काळाची. अणूंची थरथर इतकी जलद असते की संगणकाला साधारण दोन फेम्टोसेकंदांची पायरी घेता येते. एका सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. आता आपला पहिला आकडा घ्या. सेकंदाला ६०० म्हणजे बेंझामिडीनचा खोबणीतला सरासरी मुक्काम १.७ मिलिसेकंद. आपल्याला तो क्षणाचाही अंश वाटतो. पण दोन-दोन फेम्टोसेकंदांच्या पायऱ्यांनी तो पार करायचा, तर ८३ हजार कोटी पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला हजारो अणूंवरची बलं नव्यानं मोजायची. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड दिवसाला ५०० नॅनोसेकंद पुढे नेतं असं धरा. एकदा रेणू सुटलेला पाहायला सरासरी नऊ वर्षं लागतील. एकदा!

मग मोठी यंत्रं आणा, असं कोणी म्हणेल. आणली. २०१० साली न्यूयॉर्कच्या डी. ई. शॉ रिसर्चनं खास याच कामासाठी घडवलेल्या अँटन या यंत्रावर १९७७ मधल्याच त्या प्रथिनाचं एक मिलिसेकंदाचं सिम्युलेशन पूर्ण केलं. ३३ वर्षांत मजल दहा कोटी पटींहून पुढे गेली. मला या कामाबद्दल अपार आदर आहे. पण पाहा, एवढं करूनही एक मिलिसेकंद म्हणजे बेंझामिडीनच्या एका सरासरी मुक्कामापेक्षा कमीच. आणि बेंझामिडीन हा तर लवकर सुटणारा रेणू. तासन्‌तास बसणाऱ्या औषधाचं काय? यंत्राच्या वेगानं हा प्रश्न सुटणार नाही. इथे संभाव्यतेचं गणितच लागतं.

या गणिताचा पाया एका निरीक्षणावर आहे आणि मला ते या विषयातलं सर्वांत मोलाचं निरीक्षण वाटतं. एक चित्र डोळ्यांपुढे आणा. सह्याद्रीतली दोन खोरी, मध्ये डोंगराची रांग, आणि रांगेत एक अरुंद खिंड. एका खोऱ्यात एक माणूस डोळे बांधून भटकतो आहे. तो चार पावलं चढतो, घसरतो, परत खाली येतो. दिवसच्या दिवस जातात. मग एके दिवशी तो खिंडीतून पलीकडे उतरतो. त्याला किती वेळ लागला? दोन उत्तरं आहेत आणि ती निराळी ठेवायला हवीत. खोऱ्यात भटकण्यात गेलेला काळ प्रचंड आहे. खोऱ्याचा तळ शेवटचा सोडून पलीकडे पोहोचेपर्यंतचा काळ अगदी थोडा आहे.

रेणूंचं हे खरोखर असंच असतं, आणि ते प्रयोगानं दिसलं आहे. अमेरिकेच्या एनआयएच या संस्थेत होई संग चुंग आणि विल्यम ईटन यांच्या गटानं २०१२ साली एकेका प्रथिनाची घडी पडताना पाहिली. दोन प्रथिनं घेतली. एकाची घडी पडण्याचा दर दुसऱ्याच्या दहा हजार पट. पण प्रत्यक्ष घडी पडायला सुरुवात होऊन ती पुरी व्हायला लागणारा वेळ? त्यात पाच पटींचाही फरक निघाला नाही. फरक होता तो वाट पाहण्यात.

यातून काय निघतं? संगणकाचा जवळजवळ सगळा वेळ ज्यात काहीच घडत नाही असा काळ मोजण्यात जातो. शिवाय त्या वाट पाहण्याला स्मृती नसते. रेणू मिलिसेकंदभर बसून राहिला म्हणून पुढच्या क्षणी तो सुटण्याची शक्यता वाढत नाही. ज्याला स्मृती नाही, ते सगळं बघत बसायची गरज काय? खिंडीपर्यंत पोहोचण्याची आणि ओलांडण्याची संभाव्यता तेवढी नेमकी काढता आली, तर वाट पाहण्याचा काळ त्यावरून मिळतो.

मात्र संभाव्यता नुसत्या मोजणीनं काढायची म्हटली तर पुन्हा भिंत आडवी येते. घटना किती वेळा दिसली यावर तुमच्या आकड्याची खात्री ठरते. शंभर वेळा दिसली तर दहा टक्क्यांची चूक धरून चला. दहा वेळा दिसली तर सुमारे तीस टक्क्यांची. चूक घटनांच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी होते, त्यामुळे ती निम्मी करायला चौपट घटना लागतात.

आणि एकदाही दिसली नाही तर? हा प्रश्न मला प्रत्येक वर्गात विचारला जातो आणि त्याचं उत्तर फार कामाचं आहे. शून्यातूनही माहिती मिळते. समजा तुम्ही मायक्रोसेकंदाचा एक, असे सिम्युलेशनचे शंभर रन लावले आणि रेणू एकदाही सुटला नाही. एकूण १०० मायक्रोसेकंद पाहणी झाली. अशा वेळी संख्याशास्त्रात तीनचा नियम वापरतात: तीन भागिले एकूण पाहणी, ही ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा. म्हणजे सुटण्याचा दर सेकंदाला ३०,००० पेक्षा जास्त नसावा. बघा, काहीही न दिसता आपण मघाच्या चार आकड्यांपैकी ९५,००० वर बोट ठेवू शकलो, निदान संगणकातल्या या मॉडेलपुरतं. पण उरलेल्या तिघांत निवड करायला हे शून्य पुरत नाही. "दिसलं नाही" आणि "होत नाही" यांच्यातलं अंतर असं आकड्यात सांगता येतं, आणि ते सांगणं हे शास्त्रज्ञाचं कर्तव्य आहे असं मी मानते.

आता मुख्य युक्ती. ती रसायनातून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत अणुभट्ट्यांच्या संरक्षक भिंतींचा प्रश्न होता. जाड भिंतीतून न्यूट्रॉन पलीकडे निसटण्याची संभाव्यता अतिशय कमी, पण ती काढणं हा जीवनमरणाचा प्रश्न. हर्मन कान आणि थिओडोर हॅरिस यांनी १९५१ साली त्याची एक रीत छापली; मूळ कल्पनेचं श्रेय जॉन फॉन नॉयमन यांना दिलं जातं. भिंतीचे कल्पनेनं थर पाडायचे. जो न्यूट्रॉन एक थर ओलांडेल, त्याच्या प्रती काढायच्या आणि प्रत्येक प्रतीला मूळच्या वजनाचा हिस्सा वाटून द्यायचा. एकाच्या दहा प्रती केल्या, तर प्रत्येकीचं वजन एक दशांश. त्या पुढच्या थराकडे निघतात. त्यातली एखादी पोहोचते, तिच्या पुन्हा प्रती. वजनांची बेरीज कधी बिघडू द्यायची नाही, एवढीच अट. या रीतीचं नाव स्प्लिटिंग.

हिशेब करून पाहू, म्हणजे ताकद लक्षात येईल. समजा एखाद्या घटनेची संभाव्यता शंभर कोटींत एक आहे. थेट मोजणीत शंभर कोटी रन लावाल तेव्हा सरासरीनं ती एकदा दिसेल. आता वाटेचे नऊ टप्पे करा, प्रत्येक टप्पा पार होण्याची शक्यता दहात एक. दहात एक, नऊ वेळा गुणलं की शंभर कोटींत एक. प्रत्येक टप्प्याला हजार, असे नऊ हजार छोटे रन लावले, आणि टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र धरता आले, तर उत्तरातली चूक २८ टक्क्यांच्या आसपास येते. तेवढीच खात्री थेट मोजणीनं हवी असेल तर किती रन? बाराशे कोटींच्या वर. एका बाजूला नऊ हजार, दुसऱ्या बाजूला बाराशे कोटी! आणि यात निसर्गाच्या नियमांना कुठेही हात लावलेला नाही. रेणूला ढकललेलं नाही, ओढलेलं नाही. फक्त प्रतींचा आणि वजनांचा जमाखर्च नीट ठेवला आहे.

१९९६ साली ह्यूबर आणि किम यांनी ही रीत रेणूंसाठी आणली. २००७ साली फ्रान्समध्ये सेरू आणि ग्यादेर यांनी टप्पे आधी न ठरवता चालता चालता ठरवण्याची सोय केली: दर फेरीत सर्वांत मागे राहिलेल्याला वगळायचं आणि पुढच्यांपैकी एकाची प्रत काढून तिला चालायला लावायचं. दुसरा एक पंथ आहे, तो रेणूला मदत करतो. लायो आणि पारिनेल्लो यांच्या २००२ सालच्या मेटाडायनॅमिक्समध्ये रेणू जिथे जाऊन आला ती जागा थोडी थोडी भरत नेतात, म्हणजे दरी उथळ होते आणि तो लवकर बाहेर पडतो. मग जो काळ वाचला तो गणितानं परत जमा करतात. दोन्ही पंथ मोलाचे आहेत. माझा कल पहिल्याकडे आहे, कारण त्यात परत जमा करायचं कमी असतं.

पण श्रोतेहो, इथेच थांबले तर मी तुमची फसवणूक केली असं होईल. मघाच्या हिशेबात मी एक वाक्य पटकन बोलून गेले: टप्पे स्वतंत्र धरता आले तर. सगळी गोम त्या वाक्यात आहे.

टप्पा म्हणजे काय? "हा रेणू सुटण्याच्या किती जवळ आला" याचं माप. सर्वांत सहज सुचणारं माप म्हणजे अंतर: बेंझामिडीन तळापासून किती लांब गेलं. खोबणीत डोकावून पाहा. बेंझामिडीनचं धन टोक आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लाचं ऋण टोक यांच्यामध्ये हायड्रोजन बंध आहेत, आणि आजूबाजूच्या अणूंनी ते बंध पाण्यापासून झाकून ठेवले आहेत. २०१५ साली प्रत्यूष तिवारी आणि पारिनेल्लो यांच्या गटानं सुटण्याच्या वाटा तपासल्या, तेव्हा दिसलं ते असं: प्रथिनाचा कणा किंचित हलतो, फट पडते, पाण्याचे रेणू आत शिरतात आणि ते बंध तोडायला हातभार लावतात. म्हणजे बेंझामिडीन जागचं हलण्याआधीच पुष्कळ काही ठरलेलं असतं, आणि ते पाणी ठरवतं. तुमचं माप फक्त अंतर पाहत असेल, तर पाणी आत शिरलेला रेणू आणि न शिरलेला रेणू तुम्हाला सारखेच दिसतील. तुम्ही चुकीच्याच्या प्रती काढत बसाल.

अशा वेळी होतं ते फार फसवं असतं. गणित सांगतं की स्प्लिटिंगच्या उत्तरात पक्षपात नसतो. अनंत वेळा केलं तर सरासरी बरोबरच येते. हे सिद्ध झालेलं आहे. पण अनंत वेळा कोण करतो? माप वाईट असेल तर बहुतेक प्रयत्नांत उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं, आणि एखाद्याच प्रयत्नात ते प्रचंड मोठं येऊन सरासरी भरून काढतं. तो एक प्रयत्न तुमच्या वाट्याला आला नाही, तर तुमची सगळी उत्तरं एकमेकांशी छान जुळतील, चूक दाखवणारा पट्टा अरुंद दिसेल, आणि सगळीच उत्तरं खोटी असतील. उत्तरं जुळली की आपला जीव भांड्यात पडतो. दुर्मीळ घटनांच्या बाबतीत जुळणं हा पुरावा पुरेसा नाही.

आणखी एक गोष्ट जाता जाता. दुर्मीळ घटना घडते तेव्हा ती वाटेल तशी घडत नाही. अनेक अशक्यप्राय वाटांपैकी जी सर्वांत कमी अशक्य, त्याच वाटेनं बहुधा घडते. या विचाराचं भक्कम गणित उभं करणाऱ्यांत एस. आर. श्रीनिवास वरधन अग्रणी आहेत. जन्म चेन्नईचा, पीएचडी कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेची, आणि या कामासाठी २००७ सालचं आबेल पारितोषिक. दुर्मिळातही शिस्त असते म्हणून तर तिचा पाठलाग करता येतो.

आता परत त्या चार आकड्यांकडे. पूर्ण छापील रूपात सांगते. प्रयोग: ६०० अधिक-उणे ३००. बार्सिलोनातला २०११ चा गट: ९५,००० अधिक-उणे ३३,०००. तिवारी-पारिनेल्लो गट: ९.१ अधिक-उणे २.५. २०१६ साली इव्हान टिओ, क्लाउस शुल्टेन आणि पॅरिसचे गणिती तोनी ललिएव्र यांच्या गटानं काढलेला आकडा, स्प्लिटिंगच्या त्या फ्रेंच रीतीनं: २६० अधिक-उणे २४०.

पट्टे पाहा. ९५,००० चा पट्टा प्रयोगाच्या पट्ट्याला कुठेच शिवत नाही. ९.१ चाही शिवत नाही. याचा अर्थ ही माणसं चुकली असा मी लावणार नाही. बार्सिलोनाच्या गटानं १०० नॅनोसेकंदांचे ४९५ रन लावले होते आणि त्यांतल्या १८७ मध्ये बेंझामिडीन बाहेरच्या पाण्यातून आपणहून येऊन खोबणीत बसलं. रेणू आपली जागा कशी शोधतो हे इतक्या वेळा, मुळापासून दिसणं ही त्या काळी मोठी झेप होती. बसण्याबद्दल त्यांच्याकडे भरपूर पुरावा होता. सुटण्याबद्दल? एका रनची लांबी १०० नॅनोसेकंद, निसर्गातला मुक्काम सुमारे १७ लाख नॅनोसेकंद. सुटण्याचा दर त्यांना आडवाटेनं, तुकडे जोडून काढावा लागला. त्यांचा अधिक-उणे ३३,००० हा आकडा खोटा नाही. तो हाती आलेल्या माहितीतल्या चढउतारांबद्दल बोलतो. जी माहिती हाती आलीच नाही, तिच्याबद्दल तो बोलू शकत नाही.

म्हणून छापलेला अधिक-उणे दिसला की विचारायचं: यात काय काय धरलं आहे? रन थोडे झाले म्हणून येणारी चूक धरली असेल. माप चुकलं असण्याची शक्यता धरली आहे का? आणि सर्वांत मोठी गोष्ट, अणूंमधली बलं ज्या सूत्रांनी मोजली, ज्याला फोर्स फील्ड म्हणतात, त्या सूत्रांतली चूक धरली आहे का? दर हा ऊर्जेच्या घातांकी प्रमाणात बदलतो. खोलीच्या तापमानाला खिंडीची उंची मोलमागे सुमारे १.४ किलोकॅलरीनं चुकली की दर दहा पट चुकतो. एका किलोकॅलरीची चूक झाली तर पाच पट. आणि आजच्या फोर्स फील्डकडून एका किलोकॅलरीच्या आतला नेमकेपणा मिळाला, तर ते चांगलं काम मानलं जातं. म्हणजे स्प्लिटिंगनं तुम्ही चूक २८ टक्क्यांवर आणलीत, तरी पाया पाच पटींनी डळमळत असू शकतो.

आता चौथा आकडा. २६० अधिक-उणे २४०. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, हा काय आकडा झाला? मला या आकड्याबद्दल फार आत्मीयता आहे. यात लपवलेलं काही नाही. आम्हाला एवढंच कळलं, असं तो स्वच्छ सांगतो, आणि प्रयोगाचा पट्टा त्याला भेटतो. एकच सुधारणा मी सुचवीन. हा पट्टा दुप्पट रुंद केला तर खालचं टोक शून्याच्या खाली जातं, आणि सुटण्याचा दर उणे असू शकत नाही. अशा राशींचा पट्टा लॉगरिथमच्या मोजपट्टीवर द्यावा: इतक्या पटींनी वर, इतक्या पटींनी खाली. दहा हजार पटींचे फरक ज्या विषयात पडतात, तिथे बेरीज-वजाबाकीचा पट्टा तोकडा पडतो.

फोर्स फील्डमधली चूक धरायची कशी? इथे संख्याशास्त्रातल्या बेझच्या विचाराला पर्याय मला दिसत नाही. सूत्रातल्या प्रत्येक स्थिरांकाची एकच किंमत घेण्याऐवजी संभाव्य किमतींचा विस्तार घ्यायचा, प्रयोगांच्या कसोटीवर तो आवळायचा, आणि तो विस्तार शेवटच्या उत्तरापर्यंत वाहत न्यायचा. हा विचार महाराष्ट्राला परका नाही. कोल्हापूरला जन्मलेले प्रा. व्ही. एस. हुजुरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीझ यांच्याकडे शिकले. बेझच्या विचाराला विसाव्या शतकात पुन्हा प्रतिष्ठा देणाऱ्यांत जेफ्रीझ अग्रभागी होते. हुजुरबाजारांनी परत येऊन पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला आणि पिढ्या घडवल्या. त्या परंपरेतली मुलं आज रेणूंच्या सिम्युलेशनकडे वळावीत, असं मला मनापासून वाटतं. रसायनातल्या लोकांना त्यांची नितांत गरज आहे.

आणि अरुंद पण खोट्या पट्ट्यावर उपाय काय? एक उपाय आपल्याच देशातला आहे. बंगालमध्ये तागाच्या पिकाची नमुना पाहणी करताना, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुन्याचे एकमेकांत गुंफलेले स्वतंत्र भाग पाडले आणि ते वेगवेगळ्या पथकांकडे दिले. दोन पथकांच्या उत्तरांत पडणारा फरक चूक किती असेल याचा अंदाज देतो. त्यात नशिबाची चूक येते तशी माणसाच्या हाताची चूकही येते. सिम्युलेशनमध्ये हेच करायला हवं. एकच मोठा रन तोडून त्याचे तुकडे स्वतंत्र म्हणायचे नाहीत. सुरुवात वेगळी, यादृच्छिक आकड्यांचं बीज वेगळं, जमलं तर माप वेगळं, आणि त्याहून उत्तम म्हणजे माणसंही वेगळी. एक गट अंतर मापतो, दुसरा पाणी मोजतो. दोघांची उत्तरं जुळली, तर त्या जुळण्याला काही वजन आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल प्रश्न येईलच, म्हणून थोडक्यात. २०२४ चं रसायनाचं नोबेल प्रथिनांच्या रचना ओळखणाऱ्या आणि नव्या रचना घडवणाऱ्या संगणकीय कामाला मिळालं. त्यातल्या अल्फाफोल्डची मला भावलेली गोष्ट अशी की साखळीतल्या प्रत्येक अमिनो आम्लापुढे ते स्वतःच्या खात्रीचा गुण लिहितं आणि चित्रात त्यानुसार रंग भरतं. वापरणाऱ्याला लगेच दिसतं की इथे पाय टाका, इथे जपून. मात्र ती खात्री रचनेची असते. रेणू किती वेळ बसेल, हे त्या रंगात नाही. दुर्मीळ घटना शिकवायला उदाहरणं लागतात आणि उदाहरणं दुर्मीळ आहेत, ही अडचण यंत्राच्या शिक्षणालाही चुकत नाही. योग्य माप शोधून देण्याच्या कामात मात्र ते फार उपयोगी पडू लागलं आहे, आणि मघा पाहिलं तसं, माप मिळालं की निम्मी लढाई झाली.

शेवटी सभागृहातल्या विद्यार्थ्यांसाठी. या कामाला आज परवानगी लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. ट्रिप्सिन आणि बेंझामिडीनची अणूअणूची जागा प्रोटीन डेटा बँकेत ३पीटीबी या नावानं मोफत मिळते. सिम्युलेशनसाठी ओपनएमएम, प्रतींचा आणि वजनांचा जमाखर्च ठेवायला वेस्टपा, दोन्ही मोफत. एका ग्राफिक्स कार्डवर सुरुवात होते. तिघांनी मिळून करा, पण एकमेकांची उत्तरं आधी बघू नका. प्रत्येकानं आपलं माप स्वतः ठरवावं. १९७० चा तो ६०० बाजूला झाकून ठेवा. तिघांचे दर, तिघांचे पट्टे, आणि कोणत्या पट्ट्यात काय धरलं आणि काय धरलं नाही, हे एका कागदावर लिहा. जो रन फसला, तोही लिहा. मग झाकलेला आकडा उघडा, आणि तो कागद घेऊन माझ्याकडे या. कोणाचा पट्टा कुठे कमी पडला हे आपण एकत्र बसून बघू.